तुतीशिवाय तोंड न उघडणारी अळी

जालन्याजवळ मामाच्या शेतात रेशीम अळ्यांची बॅच चालू होती, तेव्हा मी तिथं राहायला गेले. मी शिकले कॉमर्स. चॉकी, मोल्ट, चंद्रिका हे शब्द कळायलाच काही दिवस गेले. अळ्या मोल्टवर, म्हणजे कात टाकायला, बसल्या की पाला टाकायचा नाही, वर चुना धुरळायचा, हे मी न विचारता करत गेले. विचारावंसं वाटलं ते पाल्याबद्दल.

पाचव्या अवस्थेतली अळी भयंकर खाते. जन्मभरात ती जितका पाला खाते, त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त याच काळात संपतो. मामा व्ही-१ जातीच्या तुतीच्या फांद्या भारे भरभरून आणायचा आणि त्यांचे बघता बघता खराटे व्हायचे. मी मामीला म्हटलं, “पाला कमी पडला तर कोबीची पानं टाकली तर नाही का चालणार?” मामी हसली. “टाकून बघ की. उपाशी मरंल, पण तोंड लावायची नाही.”

चार अळ्या मी कागदावर काढून घेतल्या आणि कोबीचं कोवळं पान ठेवलं. एक अळी पानावर चढली, तोंडाजवळची बारीक स्पर्शकं पानाच्या कडेवरून फिरवली, डोकं उचललं आणि पुढे निघून गेली. दुसरीचंही तेच. संध्याकाळ झाली तरी पानाला दाताची खूण नाही. मग शेजारी तुतीचा एक तुकडा ठेवला, तर अर्धवर्तुळाकार चावे लगेच सुरू. ओलं, हिरवं, कितीतरी अळ्या फस्त करतात असं पान समोर असताना भुकेला जीव चाखूनसुद्धा बघत नाही, हे मला काही केल्या पटेना.

म्हणून वाचायला बसले आणि आणखी गोंधळले. माझी समजूत साधी होती: तुतीत काहीतरी चविष्ट असणार. जपानमध्ये यासुजी हामामुरा यांनी १९६०च्या आसपास हेच शोधायला घेतलं, तर त्यांना एक पदार्थ सापडलाच नाही, सापडल्या पायऱ्या. अळीला जवळ ओढणारे वास वेगळे. त्यात सिट्रल आणि लिनालूल, म्हणजे गवती चहात आणि फुलांत असणारी द्रव्यं. चावा घ्यायला लावणारी वेगळी, बीटा-सिटोस्टेरॉल आणि आयसोक्वेर्सिट्रिन यांसारखी. घास गिळत राहायला सेल्युलोज आणि काही क्षार. एवढ्या परवानग्या मिळाल्यावर घास आत जातो!

पण मला खरा धक्का दिला तो त्याआधीच्या, १९४८च्या एका जपानी प्रयोगाने. अळीच्या तोंडाजवळची ती चव घेणारी स्पर्शकं कापून टाकली, तर ती एरवी नाकारलेली पानंही खाऊ लागली. म्हणजे कोबी तिला पचण्याआधीच, नुसत्या चवीनं, ‘थांब’ म्हणत होता. २०१९मध्ये चिनी संशोधकांनी कडू चव ओळखणाऱ्या जीआर६६ या एकाच जनुकात बिघाड केला. त्या अळ्या सफरचंद, नासपती, मका, सोयाबीनसुद्धा खाऊ लागल्या. तुतीवरची तिची निष्ठा म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिचा बराचसा भाग इतर सगळ्याच्या तिटकाऱ्यातून येतो, हे मला जरा गमतीचं आणि जरा उदास वाटलं.

मग तुतीच का? फांदी तोडली की देठातून पांढरा चीक येतो. माझ्या बोटांना तो रोज चिकटायचा. २००६मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हा चीक विषारी आहे. त्यात साखरेचं सोंग घेणारी अल्कलॉइडं असतात आणि ती कीटकांच्या पोटातली साखर पचवण्याची यंत्रणाच अडवतात. एरंडावर वाढणारी एरी रेशीम अळी तुतीचं पान खाऊन दगावते. पण तेच पान बारीक चिरून, धुऊन चीक काढून दिलं, तर ती जगते आणि वाढते. आपली अळी मात्र चिकासकट खाऊन धडधाकट. तिच्याजवळ साखर फोडणारं एक वेगळं विकर आहे, आणि त्यावर या अल्कलॉइडांचा काही परिणाम होत नाही. त्या विकराचं जनुक तिच्या पूर्वजांना बहुधा जिवाणूंकडून मिळालं असावं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर बाजेवर बसले. जिवाणूचं जनुक अळीत, अळी तुतीवर, आणि पैठणीचा धागा त्यातून, बी.कॉम.मध्ये असलं काही नव्हतं.

रात्री शेवटचा पाला टाकताना मी मामीला सफरचंद खाणाऱ्या अळीबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात तुतीला पाणी पुरत नाही, तेव्हा अशी अळी बरी, असं मला वाटलं होतं. मामीनं फांदी झटकली. “खाईल गं सफरचंद. कोष किती ग्रॅमचा करते, ते विचार तुझ्या त्या लोकांना. आणि सफरचंदाचा भाव काय चाललाय ते तू बघ.”