प्याद्याचं एक घर

घोडेस्वाराचं बळ थोडं कमी करायचं, धनुर्धारी दोन नाण्यांनी स्वस्त करायचा, किल्ला बांधायला लागणारा वेळ जरा वाढवायचा, हे माझं काम. स्ट्रॅटेजी गेमच्या धंद्यात याला बॅलन्सिंग म्हणतात. असा पॅच बाहेर पडला की खेळणारे खवळतात. ‘आमची सेना नर्फ (कमजोर) केली’, ‘समोरच्याची ओपी (डोईजड) करून ठेवली’, ‘गेमची वाट लावली’. आमच्यातल्या पुष्कळांना हा राग पोरकट वाटतो. मला तो समजून घेण्यासारखा वाटतो, कारण तो बहुतेक वेळा हरल्याचा नसतो. कष्टानं शिकलेलं वाया गेल्याचा असतो.

‘स्टारक्राफ्ट २’चं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. मे २०१२ मध्ये ब्लिझार्डनं झर्ग सेनेतल्या ‘क्वीन’चा जमिनीवरच्या शत्रूवर मारा करण्याचा पल्ला ३ वरून ५ केला. कारण खोटं नव्हतं. समोरच्या टेरन सेनेच्या आग ओकणाऱ्या हेलियन गाड्या डावाच्या सुरुवातीलाच झर्गचे कामगार जाळून टाकत. पण पल्ला वाढला आणि झर्गला सुरुवातीच्या हल्ल्यांची धास्तीच फारशी उरली नाही. निवांत तिसरा तळ उभारायचा, दम धरायचा आणि शेवटी इन्फेस्टर व ब्रूड लॉर्ड ही जोडी मैदानात उतरवायची. मार्च २०१३ मध्ये पुढचा भाग येईपर्यंत डावामागून डाव याच वळणानं गेले. २०१० पासून ज्यांनी सुरुवातीच्या चढायांचा सेकंदासेकंदाचा हिशेब बसवला होता, त्यांच्या विद्येला एका आकड्यानं सुट्टी दिली.

निर्मात्यांच्या बाजूनं बोलायचं तर आम्ही आकडे पाहून निर्णय घेतो. खेळणाऱ्याला त्याचे स्वतःचे डाव दिसतात, आम्हाला सगळ्यांचे दिसतात. पण आकडे वाचणंही सोपं नाही. एखाद्या सेनेचा विन रेट बरोबर ५० टक्के आहे म्हणून ती समतोल, असं मुळीच नाही. समजा, तिची एक चाल नवशिक्यांना ६० टक्के डाव जिंकून देते आणि मुरलेल्यांमध्ये तीच चाल ४० टक्क्यांवर अडकते. दोन्हीकडचे डाव सारखेच असतील तर सरासरी ५० येते. तिच्यासमोर खेळणारे नवशिके रडकुंडीला आलेले असतात, मुरलेले ती सेना हातात धरत नाहीत आणि आमच्या तक्त्यात सगळं आलबेल दिसतं. शिवाय दोघांनीही तीच सेना निवडली असेल तर एक जिंकणार आणि एक हरणार हे ठरलेलंच, म्हणून असे डाव आधी वगळावे लागतात. आणि एवढं करूनही खेळण्यातला कंटाळा कुठल्याच रकान्यात उतरत नाही. २०१२ च्या झर्गबद्दल खेळणारे सांगत होते ते मुख्यतः हेच.

पनवेलजवळ कोनला मी राहते. गिरणगाव सोडून इकडे आलेली बरीच बिऱ्हाडं आता इथे आहेत. त्यांच्यातले एक आजोबा अजून देशी पद्धतीनं बुद्धिबळ खेळतात. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी ते वडिलांकडून शिकले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ती उभी पट्टी मुळात ज्या मोहऱ्याची, ते मोहरं होणार. बारीकसारीक नियम गावागणिक वेगळे. त्यांच्यासमोर बसल्यावर मला कळलं की हा खेळ वेगळ्याच गतीचा आहे. दोन सेना एकमेकींना भिडायला वेळ लागतो, तोवर आपापल्या हद्दीत मोहऱ्यांची मांडणी रचत बसायचं. आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्याच चालीला प्यादी समोरासमोर येतात, आणि तिथून पुढे छापील पुस्तकांचं राज्य सुरू होतं.

मीर सुलतान खान या देशी पद्धतीत वाढला. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. तरी सुरुवातीच्या चालींमध्ये तो कच्चा राहिला, सावरायचा तो मध्य आणि अखेरच्या जोरावर. एवढ्या प्रतिभेच्या माणसाला नियमबदल इतका जड गेला, तर पारावर खेळणाऱ्याचं काय झालं असेल? १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. जगाशी खेळायचं तर जगाचे नियम घ्यावेच लागणार होते, याबद्दल मला शंका नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तिथवरचा रस्ता ते नियम घेण्याच्या निर्णयावरून जातो. पण आजोबांसारख्यांना हा बदल कुणी समजावून सांगितला नाही. एक दिवस त्यांचा मुलगा शाळेतून आला आणि म्हणाला, ‘बाबा, तुम्ही चुकीचं खेळता.’

२०२० मध्ये डीपमाइंडनं माजी जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिकला बरोबर घेऊन बुद्धिबळाच्या समतोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ वेगवेगळे नियमबदल घेतले आणि अल्फाझीरो या संगणक-प्रोग्रामला त्या त्या नियमांनी खेळ शिकायला लावला. त्या नऊपैकी एकात किल्लेकोट नव्हता. दुसऱ्या एकात प्याद्याला पहिल्या चालीलाही एकच घर होतं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला तीनदा विचारलं, नक्की ना?

बदल करावे लागतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये संपूर्ण भारतासाठी ‘इंडियन्स’ ही एकच सेना होती. एप्रिल २०२२ मध्ये तिच्या जागी हिंदुस्तानी आले आणि बंगाली, द्रविड, गुर्जर नव्यानं दाखल झाले. मला तो बदल मनापासून आवडला. गुर्जर मात्र फार भारी निघाले. मेंढ्या न कापता गिरणीत ठेवायच्या आणि अन्न मिळत राहायचं. त्यांची धार नंतर पॅचमागून पॅच काढून उतरवावी लागली, आणि आल्या आल्या त्यांचा रियाझ केलेली मुलं नाराज झाली.

या सगळ्यात मला सर्वात शहाणा वाटतो तो पहिल्या स्टारक्राफ्टचा मार्ग. ‘ब्रूड वॉर’मधल्या सेनांचे आकडे २००१ च्या १.०८ पॅचनंतर जवळजवळ गोठले. पुढे कोरियातल्या स्पर्धांमध्ये एखादी सेना डोईजड झाली की नकाशे बदलत: चिंचोळी वाट रुंद करायची, खाण लांब ठेवायची, टेकडी हलवायची. सैनिक तोच राहतो, हाताला बसलेलं कसब तसंच राहतं, नवं शिकायचं ते फक्त भूगोलाचं. तिथल्या खेळाडूंनी एकाच सैनिकाचे इतके बारकावे शोधले की मूळ निर्मात्यांनाही ते सुचले नव्हते. दर महिन्याला आकडे हलत राहिले असते तर एवढ्या खोलात जायला कुणाला सवड मिळाली असती?

सध्या आमच्या गेममधला हत्ती जड झाला आहे. त्याची किंमत वाढवावी असं टीममधल्या बहुतेकांचं मत आहे, आणि एका ओळीत होणारं काम म्हणून ते सोयीचंही आहे. मी जंगलातल्या वाटा अरुंद करा म्हणते आहे. त्याआधी दोन्ही बदल चाचणीच्या सर्व्हरवर टाकावेत, हत्ती घेऊन खेळणाऱ्या जुन्या मंडळींना बोलवावं आणि आपलं कारण त्यांना मराठीत, हिंदीत, त्यांच्या भाषेत लिहून द्यावं, असा माझा आग्रह आहे. बैठक पुढच्या सोमवारी आहे.