निगेटिव्हवरची पेन्सिल

१९ ऑगस्ट २०२५, वाशीम

आज जागतिक छायाचित्रण दिन. फ्रान्सने १८३९ मध्ये याच तारखेला डगेरचं फोटो काढायचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. बाबा असते तर एवढंच म्हणाले असते, 'दिन असो का रात, पासपोर्ट फोटो उद्या संध्याकाळीच भेटन.'

बाबांच्या स्टुडिओची खोली आता रिकामी करायची आहे. पाटणी चौकाकडे कामाला गेलो होतो, तिथे जुन्या फिल्ममधून चांदी काढणारा भेटला. निगेटिव्ह किलोवर घेतो म्हणाला. फोटो पक्का करायचा वापरलेला हायपोसुद्धा बाबा अशाच लोकांना विकत, त्यामुळे राग आला नाही. आईने फक्त भाव विचारला.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलजोडीचा फोटो हे एके काळी आमचं या दिवसाचं मोठं काम. कासरा धरून मालक ताठ उभा, आणि अट एकच: शिंगं कापायची नाहीत. शिंगं पुरी घ्यायची म्हणजे मागे सरकावं लागे, आणि मागे हमखास नाली.

बाबांचा खरा कस मात्र मे महिन्यात लागायचा. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास असावा लागतो आणि इथे पारा बेचाळिसाच्या वर. औषध गरम झालं की फिल्मवरचं जिलेटिन फुगून कडेने सुटायला लागतं. एका लग्नाचा अख्खा रोल जाऊ शकतो, आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही. म्हणून लगीनसराईत रोल रात्री उशिरा धुतले जायचे, घमेल्यात बर्फाची लादी ठेवून. मग पाण्याचा प्रश्न. कागदात हायपो राहिला की फोटो काही वर्षांत पिवळा पडतो, म्हणून छाप भरपूर पाण्यात धुवायचे. नळ नसलेल्या दिवशी विहिरीवरून बादल्या आणायला मीच. आई म्हणायची, 'आपुन आंघोळीले पानी मोजतो, अन् याईचे फोटो तीनदा न्हातात!' त्या काळातले उटीच्या 'इंदू' कागदावरचे आमचे छाप अजून पांढरे आहेत.

२७ ऑगस्ट

पाऊस. मतदार ओळखपत्रांच्या वेळच्या वह्या सापडल्या. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने फोटोचं ओळखपत्र आणलं आणि बाबा शाळांच्या व्हरांड्यात पांढरी चादर बांधून बसू लागले. पदर थोडा मागे घ्या म्हणून बायकांना सांगायचं काम बाबा शाळेतल्या बाईंवर सोपवत. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत वेगळीच अडचण: बंजारा बायकांच्या काचळीवरच्या आरशांत फ्लॅश उलटा येई. बाबा तो हातात धरून बाजूने मारत. अशा युक्त्या त्यांनी कुणाला सांगितल्या नाहीत. धंद्यात ते चिकटच होते.

३ सप्टेंबर

टेबलाच्या खणात रिटचिंगच्या पेन्सिली. काचकागदावर घासून सुईसारखी केलेली लांब टोकं. निगेटिव्हच्या खरखरीत बाजूला राळ आणि टर्पेंटाइनच्या पातळ मिश्रणाचं बोट फिरवायचं, म्हणजे शिसं धरतं. सुरकुती छापात काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती पारदर्शक असते. तिथे बारीक ठिपके भरले की माणूस दहा वर्षांनी तरुण. भिंग लावून बघितलं तर बाबांचा हात कॅमेऱ्यापेक्षा या ठिपक्यांत जास्त ओळखू येतो.

एकदा मी त्यांना सुधारक ओलवेंचे फोटो दाखवले होते. मूळचा अकोल्याचा माणूस, मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम, २०१६ ची पद्मश्री. बाबांनी बराच वेळ पाहिले. 'उजेड लय भारी पकडला,' म्हणाले. मग, 'पन यातला मानूस हा फोटो घरी लावन का?' मला तेव्हा हे कोतं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. जे पुसलं जातं, तेच कधी कधी त्या माणसाचं आयुष्य असतं.

११ सप्टेंबर, पितृपक्ष

मालेगावकडचे एक गृहस्थ आले. आई वारली, भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा. नोंदवहीवरून निगेटिव्ह सापडली आणि मी स्कॅन करून दाखवली. ते बघत राहिले. 'माय हेच हाय, पन कपायावर वन होता तिच्या. रहाटाचा दांडा लागला होता. तो कुठी गेला?'

वहीत त्या नावापुढे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: कपाळावरची खूण काढणे. म्हणजे तिनेच सांगितलं होतं. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, 'तिले नसन आवडत. मले तर तोच आठवते.'

१३ सप्टेंबर

शिसं निघतं. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवला की निघतं. आधी पेन्सिलीसकट स्कॅन करून ठेवलं, तरी हात धजेना. बाबांच्या हातचं काम मी आजवर कधी पुसलं नव्हतं. शेवटी पुसलं. भिवईच्या वर तिरपा, बोटभर वण आला. आणि बाई एकदम कुणीतरी झाली, निदान मला तसं वाटलं.

दोन्ही छाप काढले. मुलाने वणाचा उचलला. दुसरा बहिणीसाठी मागून घेतला, तिला साफ कपाळाचा चालेल म्हणाला.

चांदीवाल्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. आईला सगळं सांगितलं तर तिने विचारलं, 'पैसे किती घेतले?' एकाच फोटोचे, म्हणालो. 'तुह्या बाबानं काढाचे येगळे घेतले असते अन् वन परत आनाचे येगळे.'