कबूल आहे, साहेब

सातारा, रविवार

चि. बाळू यास,


काल रात्री फोन ठेवल्यावर तुझ्या मामीनं विचारलं, "काय म्हणतोय बाळू?" मी "बरा आहे" एवढंच म्हणालो. तिला सांगितलं असतं तर सकाळपर्यंत ताईला कळलं असतं, आणि ताईचं बीपी तुला ठाऊक आहे. पण मला झोप लागली नाही. "मामा, मंगळवारी तारखेला जातो, गुन्हा कबूल करून टाकतो, दोन-तीन हजार दंड होईल तो भरतो आणि मोकळा होतो." लाइटचं बिल भरून येतो म्हणावं तसं म्हणालास! फोनवर धड बोलता आलं नाही, तुझ्या खोलीतली पोरं चालू घडामोडी मोठ्यानं पाठ करत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर दोन ओळी वाचून अंगठा पाठवला असतास. म्हणून कागदावर लिहितोय, उद्या पहाटेच्या गाडीनं चंदू येतोय त्याच्या हाती देतो. शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

आधी सांग, हे तुझ्या डोक्यात घातलं कुणी? वकिलांनी म्हणशील तर त्यांचंही खरं आहे, तारखांना कंटाळलेलं अशील त्यांना रोज भेटतं आणि असा उपाय ते रोज सांगतात. पण तू पोलीस भरतीची तयारी करतोयस हे त्यांना सांगितलंस का? नसशीलच. निम्मं सांगायचं ही तुझी जुनी खोड. विहिरीच्या वेळीसुद्धा निम्मंच सांगितलंस आणि मार दादानं खाल्ला.

असे मोकळे होणारे मी कोर्टातल्या नोकरीभर बघितलेत. पुकारा झाला की माणूस चपला दाराबाहेर काढून आत येतो, हात जोडतो. साहेब कागदावरची नजर न काढता विचारतात, गुन्हा कबूल आहे का? तो वकिलाकडं बघतो, वकील मान हलवतो, मग हा म्हणतो, "कबूल आहे, साहेब." जबाबावर अंगठा नाहीतर सही. त्याला निशाणी घालून मी फायलीला लावायचो, रोजनाम्यात दोन ओळी लिहायचो. अमुक दंड, न भरल्यास इतके दिवस साधी कैद, शिवाय कोर्ट उठेपर्यंत कैद. मग तो माणूस नाझरकडं पैसे भरायचा, मागच्या बाकावर बसून राहायचा आणि संध्याकाळी पावती खिशात घालून समोरच्या टपरीवर चहा प्यायचा. आपल्याला आज कैदेची शिक्षा झाली, हे त्याच्या गावीही नसायचं. बाकावर पंख्याखाली बसलेला असला तरी कागदावर ती कैदच असते.

गणपतीत मंडपामागं पत्ते खेळताना धरलेली पोरं मला आठवतात. जुगाराचा कायदा 1887 चा, इंग्रजांच्या वेळचा. सगळ्यांनी एका दमात कबुली दिली, किरकोळ दंड भरला, हसत हसत गेली. पुढं त्यातलाच एक निकालाची नक्कल मागायला माझ्या टेबलाशी आला. कुठंतरी ड्रायव्हर म्हणून लागायचं होतं, चारित्र्य पडताळणीत हे वर आलं होतं. नक्कल हातात घेऊन त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, ह्यातली 'दोषी'वाली ओळ गाळून देता येईल का?" नकलेत ओळ गाळता येत नसते, बाळू. तो गेला तरी दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

आता तुझं. तात्यांशी बांधावरून झालेलं भांडण 2024 च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे 1 जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली त्याच्या आधीचं. म्हणून कलमं जुनी: 447, 323, 504, 506, 34. बांधात घुसलास, मारलंस, शिवी दिलीस, धमकी दिलीस, आणि हे सगळं दादाबरोबर मिळून केलंस. तुझे वकील म्हणतात फक्त दंड होईल. 504 आणि 506 मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे. बहुतेक वेळा दंडावर भागतं, हे मीही पाहिलंय. पण कबुली दिल्यावर किती द्यायचं हे साहेब ठरवतात, वकील नव्हे. आणि एकदा कबूल केलंस की 'मी केलंच नव्हतं' म्हणून अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच वर जाऊन सांगता येतं.

याच कलमांत तडजोड चालते, हे तुला कुणी सांगितलं नाही? तात्यांनी कोर्टात येऊन आमचं मिटलं म्हणून लिहून दिलं, तर कायद्यानं त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा होतो. तीच फाइल, तोच दिवस, तेच साहेब. एका अर्जावर तू निर्दोष सुटतोस आणि एका जबाबावर जन्माचा दोषी ठरतोस. लोकअदालतीत दोन्ही प्रकारची प्रकरणं एकाच रजिस्टरात 'निकाली' म्हणून जातात, म्हणून लोकांना दोन्ही सारखीच वाटतात. माझं तर जुनं म्हणणं आहे (मामी म्हणेल, झालं सुरू) की कबुली नोंदवण्याआधी साहेबांनी आरोपीला खुर्चीवर बसवून सांगायला हवं: बाबा रे, यानं तुझी नोकरी, परवाना, निवडणूक, परदेश, काय काय अडेल ते ऐक आणि मग बोल. अमेरिकेत 2010 साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं पाडिला नावाच्या माणसाच्या खटल्यात ठरवलं की परदेशी अशिलाला गुन्हा कबूल केल्यानं देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे वकिलानं सांगायलाच हवं. आपल्याकडं विचारतात, 'कबुली स्वखुशीनं देतोस ना?' स्वखुशीनं तर सगळेच देतात. पुढचं कुणाला माहीत असतं?

भरतीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, कोर्टानं दोषी ठरवलं का. तुझे ते रूम पार्टनर सांगतील, नाही म्हणून लिही, कुणाला कळतंय. खबरदार! आता ठाण्याठाण्यांचे संगणक जोडलेत. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सुप्रीम कोर्टानं लपवाछपवीचे नियम घालून दिले. तरुणपणातलं किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्यानं ते पोटात घालावं, असंही म्हटलं. पण पोटात घालायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, आपण नाही. दडवलेलं उघड झालं तर लागलेली नोकरीही जाते. सुटलास तरी लिहायचं, मिटलं तरी लिहायचं.

आणि आता जे सांगतोय ते मलाच गिळवत नाहीये. 2013 साली मेहर सिंग म्हणून दिल्ली पोलीस भरतीतल्या एका उमेदवाराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मारामारीच्या खटल्यात तडजोड होऊन सुटलेला पोरगा. खात्यानं तरी त्याला घेतलं नाही, आणि कोर्टानं खात्याचंच म्हणणं उचलून धरलं. पोलिसात येणारा माणूस धुतल्या तांदळासारखा हवा, असा त्याचा एकूण रोख. म्हणजे तडजोड झाली तरी तुझं काम होईलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कबुली देऊन तू स्वतःच्या हातानं दार लावून घेतोयस, एवढं नक्की. खटला चालू असला तरी अडतं, पासपोर्टला कोर्टाची परवानगी आणावी लागते, म्हणून तुला घाई झालीय, हे मला कळतं रे. घाई समजते. उपाय समजत नाही.

सुटकेसाठी वरच्या कोर्टाचा भरवसा धरणारे आणखी एक गोष्ट विसरतात. अपिलात शिक्षा थांबली तरी दोष आपोआप थांबत नाही. राहुल गांधींना सुरतच्या कोर्टानं 23 मार्च 2023 ला बरोबर दोन वर्षं दिली. शिक्षेला स्थगिती लगेच मिळाली, तरी खासदारकी दुसऱ्या दिवशी गेलीच. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तेव्हा ती परत आली. एक दिवस कमी शिक्षा असती तर अपात्रताच लागली नसती, असंही त्या आदेशात आहे. आपल्याकडं नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात सुनील केदारांना डिसेंबर 2023 मध्ये पाच वर्षं झाली, जानेवारीत जामीन मिळाला, पण दोषसिद्धी तशीच राहिली. 2024 च्या विधानसभेला सावनेरमधून त्यांच्याऐवजी त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. ही मोठ्यांची उदाहरणं झाली. तुझ्या दंडाला दोन वर्षांचा नियम लागत नाही. पण तुला सरपंच व्हायची हौस आहे हे मला माहितेय, म्हणून सांगतो: ग्रामपंचायतीच्या कायद्यात सहा महिने शिक्षा झाली की सुटल्यापासून पाच वर्षं घरी बसायचं.

तू म्हणशील, मामा, एवढं काय, शिक्षा भोगली की संपलं. नानांचं तुला सांगायला नको. येरवड्याच्या तुरुंगातून सुटून आले तेव्हा गावानं पाणी तोडलं नाही, बोलणं टाकलं नाही. फक्त लग्नपत्रिकांतून त्यांचं नाव गेलं. स्वतःच्या पुतणीच्या पत्रिकेत 'आपले नम्र'मध्ये सगळे चुलते होते, नाना नव्हते. नानांनी पत्रिका चष्मा लावून दोनदा वाचली आणि घडी घालून ट्रंकेत ठेवली. त्यांना वाटायचं आपल्याला मतदानही करता येत नाही. ते फक्त तुरुंगात असेपर्यंतच करता येत नाही, हे मी सांगितल्यावर सदरा इस्त्री करून मतदानाला आले होते.

आपल्याच मुलखात, आटपाडीजवळ, औंधच्या राजांनी 1939 च्या सुमारास स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवलं. त्यावरून माडगूळकरांनी गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंनी 'दो आंखें बारह हाथ' काढला. पिक्चर बघून लोक डोळे पुसतात, आणि बाहेर आल्यावर सुटलेल्या कैद्याला शेतावर मजूर म्हणूनही ठेवत नाहीत. विलायतेत 1974 पासून कायदा आहे, ठरावीक वर्षं नीट वागलेल्या माणसाची बहुतेक जुनी शिक्षा संपली असं धरतात. आपल्याकडं अठराच्या आतल्या पोराला अशी पाटी कोरी करून मिळते, मोठ्यांसाठी तसा सरसकट कायदा नाही. परिवीक्षेच्या 1958 च्या कायद्यात समज देऊन सोडलं तर अपात्रता लागू नये असं कलम आहे खरं, पण त्यानं सरकारी नोकरी वाचत नाही, हे सुप्रीम कोर्टानं केव्हाच सांगून टाकलंय. असो. भरकटलो.

मला खरं खातंय ते वेगळंच. तू तर म्हणतोस, तू हात उचललाच नाहीस, दादाला आवरत होतास. ट्रॅक्टरवाला साक्षीला आहे म्हणतोस. मग जे केलं नाही ते कबूल कसलं करतोस? का त्यातही निम्मंच सांगितलंयस? खरं असेल ते मला सांग, मी ताईला सांगणार नाही. मारलं असशील तरी सांग, मार्ग काढू, पण आधी मला कळू दे.

मंगळवारी काही बोलू नकोस. वकिलांना म्हणावं पुढची तारीख घ्या, मामा भेटायला येतोय. उद्या संध्याकाळी मी तात्यांकडं जातो. जुनं उकरणार नाही. दोघांनी मिळून भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करायचा, निघेल तो बांध मान्य करायचा, एवढंच बोलेन. तात्या तापट आहेत, पण ताईच्या लग्नात मांडव त्यांनीच घातला होता. नाही ऐकलं तर खटला चालू दे, ट्रॅक्टरवाल्याला उभा करू. तोवर त्यांच्या गल्लीतून बुलेट घुमवत जाऊ नकोस, आणि दादालाही पाजून बाहेर सोडू नकोस. जामिनावर आहात दोघं. फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. पहाटे पळायला जातोस ते रिकाम्या पोटी जातोस का? मेसचं जमत नसेल तर मामी चंदूबरोबर भाकरी आणि ठेचा धाडेल. तिला कारण सांगावं लागेल एवढंच.

तुझा
मामा

ता. क. वकिलांची राहिलेली फी मी देतो. क्लासच्या पैशाला हात लावू नकोस, आणि चार्जशीटची झेरॉक्स पानं मोजून आण. मागच्या वेळी जबाबाचं शेवटचं पान नव्हतंच.