पट्टी कोणती?

1921 साली दोन महिन्यांच्या अंतरानं दोन मोठे गाणारे गेले. 2 ऑगस्टला नेपल्समध्ये एन्रिको कारुझो, वय 48. 4 ऑक्टोबरला आपले केशवराव भोसले, वय अवघं 31. कारुझो ऑपेरातला टेनर. टेनर म्हणजे पुरुषाचा चढा आवाज, ऑपेरात नायकाच्या वाट्याला बहुधा हाच येतो. केशवराव संगीत नाटकातले, तेही चढ्या सुराचे. मायक्रोफोन दोघांनाही नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते छातीतल्या हवेवर.

मी चर्चच्या गायनवृंदात टेनर गातो, म्हणून ही जोडी डोक्यात बसलीय. त्यांच्या गळ्यांची तुलना करायची माझी लायकी नाही. माझा प्रश्न जरा रोकडा आहे. गळा तयार होईपर्यंत या माणसांना जेवू कोण घालत होतं?

कारुझो गरिबाघरचा. कारखान्यात राबायचा, नेपल्सच्या चर्चमधून गायचा. गुरूनं शिकवलं, पण पुढच्या कमाईतला 25 टक्के वाटा लिहून घेऊन. ते प्रकरण नंतर कोर्टात गेलं. गुरू की सावकार, ठरवणं कठीण! 1903 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यानं आठशेहून जास्त प्रयोग केले, तोवर हे सगळं फिटलं होतं.

केशवरावांना तर बालपणच मिळालं नाही. घरच्या गरिबीमुळे पोरवयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल. शाळा तीच, खानावळही तीच. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातल्या शारदेनं त्यांचं नाव केलं. 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली, तेव्हा वयाची अठराही पुरी नव्हती. मला यातला पराक्रम कळतो, पण भीतीही वाटते. नाटक कंपनी म्हणजे बिऱ्हाड. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, सगळ्यांची पंगत एका गळ्यावर उठायची. सर्दी झाली तर? 8 जुलै 1921 ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यात केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिनेही मिळाले नाहीत.

केशवरावांना तालीम देणारे रामकृष्णबुवा वझे मात्र वेगळ्या वाटेनं गेले. ती वाट ग्वाल्हेरची. हे मला पुस्तकात नाही, नई सडकवर कळलं. डिसेंबरात मित्राबरोबर त्याच्या आजोबांकडे गेलो होतो. नई सडक लष्करात, म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये जिथे पडली आणि मग जिचं शहर झालं, तिथे. रस्त्यावर सगळं हिंदी, जिना चढलं की मराठी. आजोबांनी विचारलं, “तू गातोस म्हणे. आवाज कुठला?”

म्हटलं, “टेनर.”

“ते असू दे रे बाळा. पट्टी कोणती? काळी एक, की पांढरी चार?”

मला सांगता येईना. आम्ही समोरच्या स्वरलिपीत असेल तिथून गातो. आजोबांनी ते सोडून दिलं आणि वझेबुवांचं सांगू लागले. सावंतवाडीकडचा पोरका मुलगा, लहानपणीच लग्न लावून दिलेला. गाण्यासाठी घर सोडलं आणि पायपीट करत ग्वाल्हेरला पोचला. अन्नछत्रात जेवायचं, निसार हुसेन खाँसाहेबांची सेवा करायची, आणि मिळेल तेवढं गाणं पदरात घ्यायचं. पुढे याच बुवांनी मराठी रंगभूमीला चाली दिल्या. दीनानाथांच्या ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्तखड्ग’चं संगीत त्यांचंच.

आणि स्वतः खाँसाहेब? दरबारची नोकरी सुटल्यावर ते शंकर पंडितांच्या घरी राहिले. शंकरराव त्यांचे शिष्य. मुसलमान उस्ताद ब्राह्मणाच्या घरात, त्या काळात. तिथेच शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव घडले. त्यांनी 1914 मध्ये ग्वाल्हेरलाच गायनशाळा काढली. 1989 मध्ये गेले, तेव्हा वय 96.

म्हणजे कुणी भावी कमाई गहाण टाकली, कुणी बालपण दिलं, कुणी अन्नछत्रात जेवलं. इथे माझं तिसरं वर्ष संपत आलंय. भारतात टेनरला महिन्याचा पगार देणारी कायमची ऑपेरा कंपनी नाही, हे बाबांना माझ्याआधी कळलंय. त्यांचं म्हणणं बी.एड. कर, गाणं रविवारी आहेच. बाबा चूक बोलत नाहीत, हीच तर अडचण. रविवारच्या गाण्याला कुणी नाही म्हणत नाही, पण रविवारच्या गाण्यानं वरचा सा टिकत नाही, तो रोज लावावा लागतो. आई काही बोलत नाही, फक्त मी सराव करताना टीव्हीचा आवाज कमी करते.

सध्या दहावीच्या दोन मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यातून मुंबईच्या बाईंकडचे महिन्याला दोन धडे निघतात, लोकलचा पास धरून. चार निघायला अजून दोन मुलं हवीत. कुणाच्या पाहण्यात असतील तर सांगा.