तीन टक्के जमिनीचं गाव

टीटॉनच्या डोंगरांना पायथ्याच्या टेकड्याच नाहीत. सपाट दरीतून ते एकदम सरळ वर उठतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला आपण नेमकं काय बघतोय हे कळायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या या दरीचा तळच सहा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. तिथून ग्रँड टीटॉनचं शिखर चढतं ते १३,७७५ फुटांपर्यंत. सप्टेंबर लागला होता. अॅस्पनची पानं पिवळी पडायला लागली होती. स्नेक नदीकाठी एक मूस हरणाची मादी पिल्लाला घेऊन पाण्यात उभी राहून चरत होती. नजर जाईल तिथवर घर नाही, जाहिरातीचा फलक नाही. हे ज्यांनी असं राखलं त्यांचे मी मनापासून आभार मानले. पुढे जे कळलं त्यानंतरही ते आभार मी मागे घेतलेले नाहीत.

मुक्काम जॅक्सन गावात होता. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांना यलोस्टोन उद्यान दाखवायचं ठरलं, की हे गाव बहुतेक वेळा वाटेत येतंच. वस्ती दहा-अकरा हजारांची. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एल्क हरणांच्या गळून पडलेल्या शिंगांच्या कमानी आहेत. तिथे फोटो काढून झाले आणि आम्ही घरविक्रीच्या एका दुकानाच्या काचेपाशी रेंगाळलो. लाकडी घरांचे सुंदर फोटो, खाली किमती. दहा लाख डॉलरच्या आतलं एकही घर त्या काचेवर नव्हतं. जावई म्हणाला, "आई, आम्ही दोघं कमावतो, तरी इथे आम्हाला घर परवडणार नाही." मग आम्हाला सकाळी कॉफी देणारी मुलगी राहते कुठे? हा प्रश्न मला तिथेच पडला, आणि पुढचे दिवस तो सोबतच राहिला.

उत्तर हॉटेलातच मिळालं. खोल्या आवरणारी बाई चादरींची ढकलगाडी घेऊन दाराशी आली. चाळिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, डाव्या मनगटाला आधाराचा पट्टा. गाद्या उचलून उचलून मनगट जातं, असं तिने सांगितलं. माझ्या लेकीला कामापुरतं स्पॅनिश येतं, त्यामुळे बोलणं झालं. ती मेक्सिकोतल्या त्लाक्सकाला राज्यातली. त्या राज्यातल्या सान सिमेओन या लहानशा गावातून आणि आसपासच्या वस्त्यांतून इतकी माणसं जॅक्सनला आली आहेत, की इथली हॉटेलं आणि स्वयंपाकघरं त्यांच्यावरच चालतात. ती मात्र जॅक्सनमध्ये राहत नाही. वायोमिंगमध्येही राहत नाही. तिचं बिऱ्हाड डोंगरापलीकडे, आयडाहो राज्यातल्या व्हिक्टर गावात. आधी ती जॅक्सनमध्येच होती, एका घरात तीन कुटुंबं. मालकाने घर विकलं आणि तिन्ही कुटुंबांना निघावं लागलं.

"रोज डोंगर ओलांडून येता?" मी विचारलं.

"हो, सेन्योरा. पहाटेची बस. बर्फात कधी खिंड बंद होते, मग दिवसाचा पगार गेला."

ती खिंड म्हणजे टीटॉन पास, ८,४३१ फुटांवरची, तीव्र उताराची. आम्ही मुद्दाम तिकडून जाऊन आलो. बर्फ नसतानाही गाडीच्या ब्रेकचा वास येत होता. ८ जून २०२४ रोजी या रस्त्याचा एक अख्खा तुकडा भूस्खलनाने दरीत गेला. जवळपास तीन आठवडे, बाजूने नवा वळणरस्ता होईपर्यंत, खिंड बंद होती. एरवी पाऊण तासात येणारी माणसं लांबच्या वाटेने, स्वान व्हॅली आणि अल्पाइनवरून फिरून यायला लागली. जायला दोन तासांच्या आसपास, यायला तेवढेच. एक रस्ता तुटला आणि जॅक्सनच्या उपाहारगृहांत, दुकानांत, दवाखान्यात माणसं पोचेनात. गाव कोणाच्या खांद्यांवर उभं आहे हे तेव्हा सगळ्यांनाच दिसलं.

मुंबईच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. कुलाब्याच्या हॉटेलात राबणारा रात्री बदलापूरला जातो, यात आपल्याला कोणाला नवल वाटत नाही. पण मुंबईत माणसांची दाटी आहे. जॅक्सन ज्या टीटॉन काउंटीत येतं तिचा विस्तार आपल्या सातारा जिल्ह्याएवढा आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या होती तेवीस हजार. साताऱ्यात तीस लाख माणसं राहतात. एवढ्या मोकळ्या मुलखात एका सफाई करणाऱ्या बाईला दोन खोल्या मिळू नयेत, हे माझ्या गळी उतरेना.

गावात याचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे: इथली ९७ टक्के जमीन सरकारी आहे. हे खरं आहे. राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वन, एल्क हरणांसाठीचं अभयारण्य. त्यातला एक तुकडा मिळण्यामागची कहाणी तर विलक्षण आहे. १९२६ मध्ये धाकटे जॉन डी. रॉकफेलर इथे आले आणि दरी बघून भारावून गेले. मग त्यांनी 'स्नेक रिव्हर लँड कंपनी' अशा साध्या नावाखाली, स्वतःचं नाव गुप्त ठेवून, सुमारे ३५ हजार एकर जमीन विकत घेतली, ती देशाला देण्यासाठी. स्थानिक लोक बिथरले, वर्षानुवर्षं भांडणं चालली. अखेर १९५० मध्ये आजचं ग्रँड टीटॉन उद्यान साकार झालं. नदीकाठी मूस चरताना दिसली ती या हट्टामुळे. त्या ९७ टक्क्यांतला एक एकरही कोणी घरांसाठी मागू नये, असं मला वाटतं.

पण मग उरलेल्या तीन टक्क्यांचं काय केलं? माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे, आणि तो निसर्गाने निर्माण केलेला नाही. या खासगी जमिनीच्या ग्रामीण भागात ३५ एकरांमागे एक घर, असा मूळ नियम आहे. हेतू चांगला, जनावरांच्या वाटा मोकळ्या राहाव्यात. परिणाम असा की ३५ एकर घेऊ शकणाराच तिथे घर बांधतो. त्यात वायोमिंगमध्ये राज्याचा आयकर नाही. त्यामुळे न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियातला गडगंज पैसा कागदोपत्री इथे राहायला आला. दरडोई उत्पन्नात टीटॉन काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिली आहे. २०२१ मध्ये तो आकडा ३ लाख डॉलरच्या वर होता. अब्जाधीश आता लक्षाधीशांना हुसकावतायत, असं गावातले लोक म्हणतात. यातली कितीतरी घरं वर्षातला बराच काळ बंद असतात, आणि रिकाम्या घरालाही माळी लागतो, सफाईला माणूस लागतो. त्या बाईचा नवरा अशाच घरांच्या छपरांवर काम करतो.

रेस्टॉरंटमध्ये वाढणाऱ्या, राफ्ट चालवणाऱ्या तरुणांची आणखी वेगळी सोय आहे. गावच्या व्यायामशाळेच्या वाहनतळावर सकाळी एक मळकी पांढरी व्हॅन उभी होती, आतून काचांना चंदेरी पत्रे लावलेले. टॉवेल खांद्यावर टाकून एक पोरगा त्यातून उतरला आणि अंघोळीला आत गेला. बाहेर आल्यावर बोलला मोकळेपणाने. दिवसा नदीवर गाइड, रात्री स्वयंपाकघरात. झोपायला जंगलखात्याच्या हद्दीत जायचं. तिथे एका जागी ठरावीक दिवसांपलीकडे राहता येत नाही, म्हणून सतत जागा बदलायची, आणि ग्रिझली अस्वलं येतात म्हणून अन्नाचा कण उघडा ठेवायचा नाही. त्याला त्यात मजाही वाटत होती, वय पंचविशीचं. "बर्फ पडला की मात्र," तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. त्याला मागे जायला आईवडिलांचं घर आहे. डोंगर ओलांडून येणाऱ्या बाईला ते नाही, आणि तिची दोन मुलं व्हिक्टरच्या शाळेत आहेत.

याच दरीत, उद्यानातल्या जॅक्सन लेक लॉजमध्ये, दर ऑगस्टला जगभरच्या मध्यवर्ती बँकांचे प्रमुख आणि अर्थतज्ज्ञ जमतात. कॅन्सस सिटीची फेडरल रिझर्व्ह बँक १९८२ पासून ही परिषद इथे भरवते. आपले रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होण्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्ये, इथेच उभे राहिले आणि आधुनिक वित्तव्यवस्थेने जगाचा धोका वाढवला आहे, असं त्यांनी बजावलं. तेव्हा ते अनेकांना रुचलं नाही. तीन वर्षांनी खरं ठरलं. महागाई आणि मजुरीवरची इतकी जाणती चर्चा जिथे होते तिथे मजुरी आणि घरभाडं यांचं गणित खिडकीबाहेरच मोडलेलं आहे, हे पाहुण्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणावं, अशी माझी फार इच्छा आहे.

गाव हातावर हात ठेवून बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. इथे काम करणाऱ्यांपैकी निदान ६५ टक्के माणसं इथेच राहावीत, असं उद्दिष्ट त्यांच्या आराखड्यात २०१२ पासून लिहिलेलं आहे. नवं बांधकाम करणाऱ्याला कामगारांसाठी घरं किंवा त्यासाठीचे पैसे द्यावे लागतात. काही घरांच्या खरेदीखतातच अट असते, की राहणारा इथे नोकरी करणारा हवा आणि विक्रीची किंमत ठरलेल्या मर्यादेतच वाढेल. अशा घरांसाठी सोडत निघते. त्या बाईचं नाव दर सोडतीत असतं, अजून लागलेलं नाही. दरम्यान व्हिक्टरची भाडीही चढत चालली आहेत.

निघताना बिल हातात आलं. खोलीच्या भाड्याखाली लॉजिंग टॅक्स म्हणून वेगळी ओळ होती. वायोमिंगच्या कायद्याने या कराचा मोठा वाटा आणखी पर्यटक आणणाऱ्या जाहिरातींवरच खर्च करावा लागतो. शेजारच्या कोलोरॅडोतही तसंच होतं. पण तिथे २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि मतदारांनी मान्यता दिली तर हा पैसा कामगारांच्या घरांवर आणि पाळणाघरांवर वापरायची मुभा काउंट्यांना मिळाली. वायोमिंगनेही हे करावं. त्या बाईच्या घराला लागणार असेल तर तो कर मी आनंदाने दुप्पट भरेन.