दुसरा रिमोट

‘सुपर मारियो’ दोघांनी खेळायला घेतला तरी एका वेळी खेळतो एकच. पहिला मरेल तेव्हा दुसऱ्याची पाळी. निन्टेन्डोने १९८५ साली हा गेम काढला तेव्हा हा नियम कुणाला खटकला नसेल. दोघं साधारण सारख्या तयारीचे असले तर त्यात खटकण्यासारखं काही नाहीच. पण आमच्या घरी मी आठवीत होतो आणि छोटी तिसरीत. मी लवकर मरत नसे. ती दुसरा रिमोट मांडीवर घेऊन बसायची. तिची पाळी यायची तेव्हा आईची चहाची वेळ झालेली असायची, किंवा लाइट गेलेले असायचे.

यात माझा दोष काय, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत आलो. नियम गेमचा होता. मी फक्त चांगला खेळत होतो.

आमचा तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल. नव्वदच्या दशकात गल्लीतल्या बहुतेक घरांत तसलाच असायचा. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. कॅसेट लागली नाही की बाहेर काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे, काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना जुळायच्या. तोंडातल्या ओलाव्याने उलट त्या गंजायला मदतच व्हायची. तरी फुंकरीचा मान माझा. छोटीने मारली तर ‘थुंकी उडते’ म्हणून ओरडायचो.

‘डक हंट’मध्ये बंदूक अर्थातच माझ्याकडे. एकदा बदकं भलतीकडेच वळायला लागली. नेम धरला की खाली, नेम खाली आणला की वर. तो कुत्रा गवतातून डोकं काढून खदाखदा हसतोय आणि माझ्या मागे छोटीही. एक बदक असलेल्या खेळात दुसऱ्याला रिमोटने ते उडवता येतं, ही सोय गेममध्ये मुळातच होती. तिने ती स्वतः शोधून काढली होती. मला गल्लीतल्या कुणीही सांगितलं नव्हतं, कारण गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मी काय केलं? रिमोट बिघडलाय असं जाहीर केलं आणि तो कपाटावर ठेवून दिला. आज आठवलं की कानशिलं तापतात. त्या सबंध सुट्टीत लागलेला तो एकमेव खरा शोध होता.

‘कॉन्ट्रा’ एकत्र खेळता यायचा. तिथे पाळीचं कारण चालत नव्हतं. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए हा मंत्र एका मित्राकडून मला मिळाला होता; त्याने ३० लाइफ मिळायच्या, दोघांनाही. हा मंत्र कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतोने १९८६ साली ‘ग्रेडियस’ या दुसऱ्याच एका गेमसाठी घातलेला. गेम आपल्याला स्वतःलाच झेपत नव्हता म्हणून घातला, असं तो बिनदिक्कत सांगायचा. मी मात्र छोटीला स्वयंपाकघरातून पाणी आणायला पाठवून बटणं दाबायचो आणि ३० लाइफ माझ्या करामतीने आल्यात असं भासवायचो.

तिसरी लेव्हल धबधब्याची. खडकांवर उड्या मारत वर चढायचं. जो वर जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याखाली गेला की मेला. गोळी लागावी लागत नाही. मी थांबत नसे. तिच्या तीसच्या तीस लाइफ त्या धबधब्यात जायच्या आणि वर मी म्हणायचो, “तुला उडीच मारता येत नाही.” तिला उडी उत्तम येत होती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

कॉलेजातली सायबर कॅफेतली वर्षं सोडून देतो. तिथे मी पोरांबरोबर होतो आणि पोरं मला बरोबर ओळखून होती. घरी कॉम्प्युटर आला तो ‘व्हाइस सिटी’च्या काळात. त्यात गेम सेव्ह करायला आठ जागा. सात माझ्या, एक छोटीची. ती मिशन करायचीच नाही. मोटरसायकल घ्यायची, रेडिओ लावायची आणि समुद्राकाठच्या रस्त्याने जायची, सिग्नललासुद्धा थांबायची. एका मोठ्या मिशनच्या आधी मला वेगळी जागा हवी होती, म्हणून मी तिच्या जागेवर माझा गेम ठेवला. ती चिडली नाही, त्या कॉम्प्युटरवर पुन्हा गेम खेळायला बसली नाही एवढंच. “काही केलंच नव्हतंस त्यात,” हे माझं स्पष्टीकरण. मला ते वर्षानुवर्षं बिनतोड वाटत होतं.

मग नोकरी, लग्न, दुसरं शहर. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आई फोनवर ‘कँडी क्रश’ खेळायला लागली. त्यात पाच लाइफ मिळतात. संपल्या की अर्ध्या तासाला एक परत येते, नाहीतर फेसबुकवरच्या ओळखीच्यांकडे मागायची. आई मागायची. ऑफिसात मीटिंग चालू असताना माझ्या फोनवर यायचं, आईला लाइफ हवीय. मला शरम वाटली, खरं सांगायचं तर कीव आली. मी त्या विनंत्या बंद करून टाकल्या. वर एकदा मामांच्या देखत म्हणालो, “आई, या वयात हे काय व्यसन लावून घेतलंस?” सगळे हसले. आईही हसली.

बाबा गेल्यावर छोटीकडून कळलं. डायलिसिसला चार तास लागायचे, आठवड्यातून तीनदा. आई बाहेरच्या बाकावर. पाच लाइफ पहिल्या अर्ध्या तासातच संपायच्या. पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला एक, ती मिनिटभरात जायची. छोटी तिला लाइफ पाठवत राहायची, पुण्यातून, स्वतःचं बाळ मांडीवर घेऊन. त्यासाठी काय करावं लागायचं, तर एक बटण दाबायचं. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “दादा, तुला विनंती येत होती ना?”

पुढे २०२०च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांच्या घरी ‘लुडो किंग’ आला, तसा आमच्याकडेही. नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली काढलेला हा गेम. एकाने खोली उघडायची, कोड पाठवायचा, बाकीच्यांनी आपापल्या घरून यायचं. आई, छोटी, मावशी आणि भाची असा डाव बसला, आणि लॉकडाउन उठला तरी तो मोडलेला नाही. रात्री जेवणं झाली की चालू. कुणी कुणाची सोंगटी कशी मारली याच्या बातम्या मला सकाळी फोनवर मिळतात.

गेल्या गणपतीत मी मोदकांच्या ताटावरून आईला जरा आडवळणानेच विचारलं, मलाही घ्या की कधीतरी. ती म्हणाली, चार घरं असतात, चारही भरलेली आहेत. सहा जणांचा पटही आहे त्यात, मी बघून ठेवलंय, असं मी म्हणालो. छोटी ताटातला मोदक उचलत म्हणाली, “हो, आहे. पण पाळी फार उशिरा येते त्याच्यात.”