पवनेच्या काठाकाठाने

उन्हाळ्यात शेतीची कामे जरा सैल पडली, की एक दिवस काढून पवन मावळात फेरी करावी. लोकलने कामशेतला उतरावे, तिथून पवनानगरला जावे आणि धरणाच्या वरच्या अंगाने पाण्याच्या काठाकाठाने चालू लागावे. मोठा चढ नाही, दमछाक नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल अशी वाट. एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला तिकोना आणि पुढे टोकदार तुंग. या किल्ल्यांनी एके काळी याच खोऱ्यावर पहारा ठेवला.

धरण १९७२ च्या सुमारास पुरे झाले. साठा सुमारे साडेआठ टीएमसी. पाणी नदीतूनच खाली सोडतात. रावेतच्या बंधाऱ्यापाशी ते उचलले जाते आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते.

पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते. पावसाळ्यात ते पुन्हा बुडते. देवळाचे दर्शन घेणारे पुष्कळ. पण काठाला उघड्या पडलेल्या बांधांकडे कुणाचे लक्ष जात नाही. मागच्या उन्हाळ्यात मामांना घेऊन गेलो होतो. धरण झाले तेव्हा ते शाळकरी पोर होते. चालता चालता थबकले, काठी टेकून म्हणाले, "हा बघ आपला बांध. इथं तुझी आजी आवणी करायची." एवढेच बोलले आणि पुढे निघाले.

ज्यांची खाचरे अशी बुडाली, त्यांतल्या अनेकांना बदली जमिनीसाठी कित्येक दशके हेलपाटे घालावे लागले. पुढे हेच पाणी बंद जलवाहिनीने थेट शहरात न्यायचे ठरले, तेव्हा नदीकाठची शेती सुकेल या धास्तीने मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ, द्रुतगती मार्गावर, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला.

शहराला पाणी देऊच नये, असे कोण म्हणेल? आपलीच मुले चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत राबतात, तिथल्या चाळीत आपल्याच सुना घागरी भरतात. मात्र त्या घागरीतले पाणी कुणाच्या खाचरावर साठले आहे, हे त्यांना ठाऊक असावे. म्हणून मुलासुनांना, नातवंडांना एकदा या काठाने चालवून आणा. लेकरांना तेवढे गाळात उतरू देऊ नका. वरून वाळलेला दिसला तरी पाय आत रुततो.